परदेशात माउंटन बायकिंगला निघताय? विम्याची पीडीएफ आधी उघडा

विमानाचं तिकीट काढताना पेमेंटच्या आधी एक चौकट येते, अमुक रुपयांत ट्रॅव्हल इन्शुरन्स, टिक करा. फॅमिलीबरोबर युरोप टूरला चाललात तर करा टिक, काही बिघडत नाही. पण डोंगरात सायकल चालवायला निघाला असाल तर तिथे हात आवरा, कारण त्या स्वस्तातल्या पॉलिसीत बॅग हरवणं, फ्लाइट लेट होणं, पोट बिघडणं हे सगळं असतं, आणि तुम्हाला ज्याची खरी भीती आहे ते, म्हणजे दगडावर आपटून कॉलरबोन मोडणं, बहुतेक वेळा एक्सक्लूजनच्या, म्हणजे ‘याचे पैसे मिळणार नाहीत’ अशा गोष्टींच्या यादीत बसलेलं असतं.

शेंगेन व्हिसावाल्यांचं अजून वेगळं. किमान ३०,००० युरोचं मेडिकल कव्हर लागतं हे एजंटला पाठ असतं, तो ‘व्हिसावाली पॉलिसी’ काढून देतो, व्हिसा लागतो आणि आपण निश्चिंत. आता तुम्ही तिकडे जाऊन म्युझियम बघणार की फ्रान्समधल्या मोर्झीनला लिफ्टने वर जाऊन डाउनहिल मारणार याच्याशी व्हिसावाल्यांना काय देणंघेणं? ती अट व्हिसापुरती, तुमच्या हाडांसाठी नाही.

म्हणून सुरुवात कंपन्यांची तुलना करण्यापासून नको, आधी आपण नक्की काय करणार ते लिहून काढा. कुठे, जास्तीत जास्त किती उंचीवर, पॅडल मारत चढणार की लिफ्टने, गाइड आहे की आपापले, सायकल स्वतःची की भाड्याची, साधी की ई-बाइक, आणि कुठली रेस आहे का. रेसचं मुद्दाम विचारतोय. फ्रान्समधल्या आल्प द्युएझची मेगाअव्हालांश ही रेस ३,३३० मीटरच्या पिक ब्लांवरून बर्फातून सुटते, कितीतरी हौशी लोक ‘आपण कुठे जिंकायला चाललोय’ म्हणून नाव घालतात, पण विमा कंपनीच्या लेखी छातीवर स्पर्धकाचा नंबर लावला की ती स्पर्धा, आणि स्पर्धा बऱ्याच पॉलिसींत सरळ बाद असते.

आता पीडीएफ. ब्रोशर नाही हां, ब्रोशरमध्ये नेहमी हसणारं कुटुंब आणि बरोबरच्या खुणा असतात. ‘पॉलिसी वर्डिंग’ नावाची चाळीस-पन्नास पानी इंग्रजी फाइल कंपनीच्या साइटवर असते, ती उतरवा आणि त्यात सर्च मारा: सायकलिंग, माउंटन बायकिंग, डाउनहिल, अ‍ॅडव्हेंचर, हॅझार्डस, कॉम्पिटिशन, अल्टिट्यूड, मोटराइज्ड. आपल्याकडच्या पॉलिसींत साधारण असं दिसतं की मूळ पॉलिसीत साहसी खेळ बाद, आणि जादा पैसे भरून अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्सचं अ‍ॅड-ऑन. ते घेतलं की झालं असं वाटतं, पण त्या अ‍ॅड-ऑनचा परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. अनेकदा तिथे लिहिलेलं असतं की खेळ हौशी पातळीवरचा हवा आणि प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली हवा. म्हणजे गाइड असेल तर ठीक, तुम्ही आणि मित्र ट्रेलचा अ‍ॅप बघत निघालात तर क्लेमच्या वेळी वाद घालत बसा. हे एक वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण आपल्यातले बरेच जण गाइडचे पैसे वाचवायलाच बघतात.

शंका राहिली तर फोन करू नका, ईमेल करा. कॉल सेंटरवरचा मुलगा ‘हो सर, ऑल कव्हर्ड’ म्हणतो, त्याचा पुढे काही उपयोग नाही. मेलमध्ये गोलमोल न विचारता सरळ लिहा: मी जुलैमध्ये फ्रान्समध्ये लिफ्ट असलेल्या बाइक पार्कमध्ये, गाइड न घेता, हौस म्हणून, भाड्याच्या सायकलवर डाउनहिल ट्रेल करणार आहे, पडून लागलं तर हॉस्पिटल आणि हेलिकॉप्टर दोन्हीचा खर्च मिळेल का, आणि कुठल्या क्लॉजखाली? क्लॉज नंबरसकट उत्तर आलं तर प्रिंट काढून पासपोर्टबरोबर ठेवा, ‘अ‍ॅज पर टर्म्स अँड कंडिशन्स’ एवढंच आलं तर दुसरी कंपनी बघा.

आता रेस्क्यू. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एकच समजतात: डोंगरातून शोधून खाली आणणं, तिथून योग्य हॉस्पिटलला हलवणं, आणि बरं वाटल्यावर किंवा स्ट्रेचरवरच भारतात परत आणणं. पॉलिसीत मेडिकल इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन, म्हणजे यातलं दुसरं आणि तिसरं असतं, पण सर्च अँड रेस्क्यू, म्हणजे पहिलं, असेलच असं नाही, तो शब्द वेगळा शोधा. देशादेशात फरकही आहे. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक भागात १४१४ फिरवलं की रेगा या हवाई बचाव संस्थेचं हेलिकॉप्टर येतं, पण बिल तुमचं. वर्षाची देणगी देऊन रेगाचं पॅट्रन होता येतं, फक्त तो विमा नाही, खर्च माफ करणं त्यांच्या मर्जीवर. फ्रान्समध्ये डोंगरातला सरकारी रेस्क्यू सहसा फुकट असतो, पण रिसॉर्टच्या हद्दीत तिथल्या बचाव पथकाने खाली आणलं तर बिल येऊ शकतं. आणि पोर्त द्यू सोलेइलसारख्या ठिकाणी तर सकाळी फ्रान्समध्ये, दुपारी स्वित्झर्लंडमध्ये असा प्रकार, त्यामुळे पॉलिसीत दोन्ही देश येतात ना ते बघा. तसंच व्हिसलरच्या बाइक पार्कला जाणाऱ्यांनी ‘वर्ल्डवाइड एक्सक्लुडिंग यूएसए-कॅनडा’ स्वस्त पडतं म्हणून घेऊ नये, व्हिसलर कॅनडातच आहे!

नेपाळचं गणित वेगळं. मुस्तांगला, मुक्तिनाथवरून लुप्राकडे उतरणारा ट्रेल करायला इथून बरेच जण जातात. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे, अन्नपूर्णा सर्किट करणारे थोरोंग ला ओलांडतात तो ५,४१६ मीटर. पॉलिसीत उंचीची मर्यादा असते, कुणाची कमी कुणाची जास्त, आणि तुमच्या रूटचा सगळ्यात उंच बिंदू त्या आकड्याच्या आत हवा, मुक्कामाची उंची नाही. नेपाळला जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं, पण विम्याच्या फॉर्मवर पासपोर्ट नंबर मागतात, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करून मंजुरी घ्यावी लागते. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून खोटी बिलं लावण्याचे प्रकार तिथे झालेत, २०१८ मध्ये नेपाळ सरकारने चौकशीही केली, तेव्हापासून विमा कंपन्या तिकडच्या बिलांकडे जरा संशयानेच बघतात. आणि मुस्तांगला पोचवणारं जोमसोमचं विमान दुपारच्या वाऱ्यामुळे फक्त सकाळी उडतं, हवा बिघडली की रद्द, त्यामुळे ट्रिप डिले कुठल्या तासापासून लागू होतं तेही वाचा.

सम इन्शुअर्डमध्ये, म्हणजे विम्याच्या एकूण रकमेत, मात्र कंजूषी नको. ५०,००० डॉलरवरून एक लाख किंवा अडीच लाखावर गेलं तर प्रीमियम त्या मानाने फार वाढत नाही, आणि ऑपरेशन, प्लेट-स्क्रू, आठवडाभर हॉस्पिटल हे तिकडे कसं चढत जातं ते वेगळं सांगायला नको. डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपल्याच खिशातून भरायची रक्कम, किती ते बघा. पर्सनल लायबिलिटी हवीच, वळणावर एखादा ट्रेकर आडवा आला आणि त्याला लागलं तर त्याचा खर्च त्यातून निघतो. बीपी-शुगर असेल तर फॉर्मवर लपवू नका.

सायकलचं बोलायचं तर बॅगेज कव्हरवर भरवसा ठेवू नका, त्यात प्रत्येक वस्तूला मर्यादा असते आणि स्पोर्ट्सचं सामान बऱ्याचदा बाद. बॉक्स फुटलेला दिसला तर एअरपोर्टमधून बाहेर पडायच्या आधी तिथल्या काउंटरवर रिपोर्ट करा, एअरलाइनला लेखी तक्रार सात दिवसांच्या आत द्यावी लागते. ई-बाइक न्यायचा विचार असेल तर सोडून द्या, १६० वॅट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाइकची त्याहून कितीतरी मोठी असते. तिकडे भाड्याने घेणार असाल तर कंपनी ती सायकल धरते की मोटराइज्ड व्हेइकल, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

पडलात तर शुद्धीवर असलेल्या कुणीतरी आधी कंपनीला फोन लावायचा, मग ट्रेलच्या पाटीचा, सायकलचा आणि हेल्मेटचा फोटो. हॉस्पिटलच्या कागदावर अपघात कसा झाला ते नीट लिहून घ्या. बीअरचा ग्लास हातात असलेला फोटो त्या दिवशी इन्स्टाला टाकू नका, दारूचं एक्सक्लूजन जवळजवळ सगळीकडे असतं. क्लेम नाकारला तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर इन्शुरन्स ओम्बड्समनकडे, म्हणजे विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही, मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, आणि तिथे तो क्लॉज नंबरवाला ईमेल सगळ्यात वर लावायचा.