निवडणुकीचं प्रचारसाहित्य जमवताय? मग या चुका टाळा

मतमोजणी झाली की जे रद्दीत जातं, ते आपण जमवतो. बिल्ले, हँडबिलं, जाहीरनामे, कागदी टोप्या, पताका, मतदाराच्या नावाच्या स्लिपा. या छंदात अलीकडे नवी मंडळी बरीच येतायत, बरं वाटतं. पण जो तो त्याच खड्ड्यात पडतो आणि मग फोटो पाठवून विचारतो, "दादा, ओरिजिनल आहे ना? कितीला जाईल?" कितीला जाईल हे आधी सुचत असेल, तर सोन्यात पैसे गुंतवावेत. तिथे भाव रोज पेपरात छापून येतो.

चिन्ह बघून साल ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्यावरच बोलतो.

बैलजोडी दिसली की १९५२, गाय-वासरू दिसलं की १९७१, असा हिशेब नवे लोक डोळे झाकून करतात. बैलजोडी काँग्रेसकडे १९५२ पासून १९६७ पर्यंत चार सार्वत्रिक निवडणुका होती. १९६९ च्या फुटीनंतर गाय-वासरू आलं. ते आपल्याकडे १९७१ च्या लोकसभेला दिसलं, १९७२ च्या विधानसभेला दिसलं आणि १९७७ लाही दिसलं. हत्ती तर आणखी फसवा. १९५२ ला तो शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा, पुढे रिपब्लिकन पक्षाचा आणि त्यानंतर बसपचा. १९८४ च्या लोकसभेला शिवसेनेचे मनोहर जोशी मुंबईत कमळावर लढले होते, त्यामुळे कमळ म्हणजे उमेदवार भाजपचाच, हेही गृहीत धरता येत नाही. मशालीवर छगन भुजबळ, तेव्हा शिवसेनेचे, १९८५ ला माझगावातून निवडून आले. तीच मशाल २०२२ मध्ये अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीआधी ठाकरे गटाला मिळाली. नुसता मशालीचा बिल्ला दाखवून "कोणत्या सालचा?" विचारलंत, तर मी काय कुंडली मांडू?

साल शोधायचं तर मजकूर वाचायचा. चित्र नंतर.

एका जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात ओळखीतला एक पोरगा बैलजोडीचं पोस्टर घेऊन धावत आला. १९५२ चं, पहिल्या निवडणुकीतलं, असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलेलं. कागद छान तपकिरी. वर मोठ्या अक्षरात 'बैलजोडीवर शिक्का मारा'. मी तिथेच थांबलो. १९५२ आणि १९५७ ला शिक्का मारायचाच नव्हता. केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं, आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. एकाच मतपत्रिकेवर सगळी नावं आणि चिन्हं, आणि त्यावर शिक्का, ही पद्धत सार्वत्रिक निवडणुकीत १९६२ पासूनची.

"मग १९६२ चं असेल," पोरगा म्हणाला. चेहरा थोडा उतरलेला, पण आशा शिल्लक.

पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचा पत्ता होता. शेवटी लिहिलेलं 'पुणे ४११०३०'. पिनकोड देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधीचा पत्ता 'पुणे ३०' असा असायचा. म्हणजे सहा आकडी पिन आला तेव्हा काँग्रेसची बैलजोडी जाऊन गाय-वासरू आलेलं. नक्कल करणाऱ्याने माल खरा वाटावा म्हणून पत्ता टाकायची हुशारी केली आणि तीच त्याला नडली. पोस्टर उलटं करून पाठीवर बोट फिरवलं, तर कागद गुळगुळीत. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाची अक्षरं जुळवून केलेल्या जुन्या छपाईत अक्षरांचा दाब मागून हाताला लागतो, निदान मोठ्या अक्षरांचा तरी. भिंग लावलं तर काळ्या अक्षरांच्या कडेला रंगीत ठिपके. कॉम्प्युटरवरची छपाई आणि वरून चहाच्या पाण्याची आंघोळ. खरा जुना कागद असा एकसारखा तपकिरी होत नाही. तो कडांना आणि घड्यांवर जास्त काळवंडतो आणि तिथेच तुटायला लागतो.

पोस्टर उलटून का पाहिलं नाहीस, असं विचारल्यावर उत्तर काय? "दुसरं गिऱ्हाईक उभं होतं." ते दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक प्रदर्शनात उभं असतं. त्याला घेऊन जाऊ द्या.

माझी सवय सांगतो. कागद हातात आला की मी आधी सगळ्यात खालची ओळ वाचतो. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पत्ता काय. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता छापण्याची सक्ती लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे, कलम १२७ क. ते कलम १९६१ मध्ये आलं. त्यानंतरच्या पत्रकावर ही ओळ नसेल तर लगेच खोटं म्हणू नका, नियम मोडणारे तेव्हाही होते. पण मी तरी अशा कागदाला पैसे मोजत नाही. मग शब्द. 'मुंबई राज्य' आहे की 'महाराष्ट्र'? १ मे १९६० च्या आधी महाराष्ट्र विधानसभाच नव्हती, त्यामुळे '१९५७ ची महाराष्ट्र विधानसभा' म्हणून कुणी काही विकत असेल तर हसून पुढे चला. 'बटण दाबा' असेल तर मतदान यंत्राचा काळ, २००४ पासून सगळीकडे.

आणि उलट बाजूही आहे. एकाच पत्रकावर एकाच मतदारसंघाचे, एकाच पक्षाचे दोन उमेदवार दिसले म्हणून एकाने ते 'छपाईची चूक' समजून देऊन टाकलं. १९५२ आणि १९५७ ला काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा राखीव, म्हणून उमेदवार दोन. १९६१ मध्ये ती पद्धत रद्द झाली. म्हणजे त्या कागदाने स्वतःचं वय स्वतःच सांगितलं होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

कापणं, चिकटवणं, लॅमिनेट करणं

ही माझी दुसरी डोकेदुखी. एका जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी गाय-वासराची छोटी पत्रकं निघाली. आजोबांची आठवण म्हणून नातवाने ती फ्रेमवाल्याकडे दिली, भावना चांगलीच. फ्रेमवाल्याने माउंट नीट बसावा म्हणून चारही बाजूंनी कडा कापल्या, कागद प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवला आणि काचेमागे बंद केला. मी पाहिलं तेव्हा चित्र सुरेख दिसत होतं. उमेदवाराचं नाव नाही, 'गाय-वासरालाच मत द्या' एवढाच मजकूर. १९७१ की १९७२ की १९७७, हे ज्या ओळीवरून कळलं असतं, ती फ्रेमवाल्याच्या केरात गेली. पाठीवर आजोबांनी पेन्सिलने काहीतरी लिहिलं होतं म्हणे. ते आता फेव्हिकॉलखाली.

लॅमिनेशनबद्दल लोक माझ्याशी वाद घालतात. "पण टिकतं ना!" प्लास्टिक टिकतं. आतला कागद उष्णतेने चिकटलेला असतो, तो पुन्हा सुटा होत नाही, पाठीवरचा दाब बोटाला लागत नाही आणि कागदातली आम्लता त्याला आतून ठिसूळ करतच राहते. दहा मिनिटांत होणारं जतन मी तरी पाहिलेलं नाही. मी पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कागद सैल ठेवतो, मागे आम्लमुक्त पुठ्ठा. सेलोटेप घरात आणतच नाही. फाटलेलं फाटलेलंच ठेवा.

बाकीच्या, थोडक्यात

पत्र्याचा बिल्ला चिंच किंवा पॉलिश लावून घासू नका. गंज जातो, त्याच्याबरोबर रंगही जातो.

टाचणी, स्टेपल, रबरबँड ताबडतोब काढा. मऊ प्लास्टिकचे बिल्ले कागदाजवळ ठेवू नका, काही वर्षांनी ते चिकट होतात आणि छपाई उचलतात.

उपरणी-झेंडे दर पावसाळ्यानंतर उघडून घडीची जागा बदला.

खरी मतपत्रिका कुणी विकत असेल तर लांब राहा. मतदान केंद्रातून ती बाहेर नेणं हाच गुन्हा आहे. पक्षांनी छापलेल्या नमुना मतपत्रिका मिळतात, त्या घ्या.

प्रचार चालू असताना खांबावरचे झेंडे-फलक काढू नका. ते चोरीत जमा होतं, शिवाय दोन्हीकडचे कार्यकर्ते तुम्हाला विरोधकाचा माणूस समजतात. मतदान संपू द्या.

फक्त आपल्याच पक्षाचं जमवणारे लोक मला कळत नाहीत. डिपॉझिट गेलेल्या अपक्षाचं कपबशीचं पत्रक नंतर शोधून सापडत नाही, कारण त्याने ते छापलंच थोडं होतं.

आणि मिळाल्याबरोबर नोंद करा. वहीत क्रमांक, पाकिटावर तोच क्रमांक, तारीख, मतदारसंघ, कुणाकडून मिळालं. कागदावर लिहायचंच असेल तर पाठीवर कोपऱ्यात, मऊ पेन्सिलने. २०२४ ची तुतारी आणि मशाल आज सगळ्यांना पाठ आहे, म्हणून कुणी लिहीत नाही. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, चिन्हं तीच, बिल्लेही बरेचसे तेच. ड्रॉवरमध्ये मिसळून ठेवले असतील तर आज रात्रीच वेगळे करा.