इंग्रजी शब्द व्याख्येतून आणि वाक्यातून कसा शिकावा

इंदुरात मराठी घरात वाढलेल्या मुलाला शब्दांविषयीचा एक मोठा धडा कोणी न शिकवताच मिळालेला असतो. घरी ‘शिक्षा’ म्हणजे अंगठे धरून उभे राहणे आणि हिंदीच्या पुस्तकात ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. घरी ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा आणि हिंदीत प्रयत्न. तरीही त्याचा गोंधळ होत नाही, कारण हे शब्द त्याला वाक्यांतून भेटलेले असतात. इंग्रजी शिकताना मात्र तेच मूल वहीच्या पानावर उभी रेघ मारून डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एकच मराठी प्रतिशब्द लिहू लागते, आणि माझ्या मते शब्दांच्या पुष्कळ चुका त्या रेघेपासूनच सुरू होतात.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने ‘रिलक्टंट’समोर ‘नाखूश’ असे लिहून ठेवले होते. पुढे तिने निबंधात लिहिले, ‘आय ॲम रिलक्टंट विथ माय मार्क्स’. तिला गुणांविषयीची नाराजी सांगायची होती. पण हा शब्द नाराजीचा नसून, एखादे काम करायला मन तयार नसण्याचा आहे.

सुरुवात शब्द निवडण्यापासून करावी. यादी पाठ करण्याऐवजी स्वतःच्या वाचनात अडलेले शब्द घ्यावेत, दिवसाला पाच पुरेत, आणि शब्द ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आधी उतरवून घ्यावे. (‘कोरिअँडर’सारख्या वस्तुवाचक शब्दासमोर सरळ ‘कोथिंबीर’ लिहावे, तिथे व्याख्येत वेळ घालवू नये.)

त्यानंतर शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश उघडावा. अशा कोशांना विद्यार्थी उगाच घाबरतात. 1978 साली निघालेल्या लाँगमनच्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे 2000 सोप्या शब्दांच्या आधारे लिहिल्या होत्या, त्यामुळे तेवढे शब्द येणाऱ्याला बाकीचा कोश स्वतः वाचता येतो. व्याख्या दोनदा वाचून कोश मिटावा आणि तीच गोष्ट आपल्या साध्या इंग्रजीत सांगून पाहावी: ‘नॉट विलिंग टु डू समथिंग’. मग कोशातील उदाहरणे वाचताना शब्दाच्या मागेपुढे काय येते तिकडे लक्ष द्यावे. ‘रिलक्टंट’नंतर बहुधा ‘टु’ आणि क्रियापद येते, हे एकदा टिपले असते तर त्या मुलीची चूक झालीच नसती. ‘डिस्कस’चेही तसेच आहे: मराठीत आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो म्हणून इंग्रजीत ‘डिस्कस अबाउट’ लिहून जातो, पण कोशातील उदाहरणांत ‘डिस्कस’नंतर थेट विषय येतो.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे स्वतःचे वाक्य. ‘शी इज रिलक्टंट’ हे वाक्य निर्दोष असले तरी निरुपयोगी आहे, कारण शब्द झाकला तर तिथे ‘हॅपी’, ‘टॉल’ काहीही बसते. त्याच मुलीने नंतर लिहिले, ‘माय ग्रँडमदर वॉज रिलक्टंट टु गो टु सराफा ॲट मिडनाइट, बट द हॉट जलेबीज चेंज्ड हर माइंड’. (सराफा म्हणजे इंदुरातला रात्रीचा खाऊबाजार.) इथे शब्द झाकला तरी पुढच्या ‘बट’मुळे आजीची तयारी नव्हती हे कळते, आणि ‘हॅपी’ बसत नाही. प्रत्येक वाक्याची अशी झाकून परीक्षा घ्यावी.

शेवटी उजळणी. कार्डाच्या एका बाजूला व्याख्या आणि गाळलेली जागा ठेवून आपले वाक्य, दुसऱ्या बाजूला शब्द लिहावा. मिठाईच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे तीन कप्पे करावेत: पहिला रोज पाहण्याचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने. शब्द आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, न आठवल्यास पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. एकच कार्ड तिसऱ्यांदा मागे आले तर ते तसेच घोकत बसू नये. त्यावरचे वाक्य खोडून, घरातल्या एखाद्या खऱ्या प्रसंगाचे नवे वाक्य लिहावे.