जेएनयू की हैदराबाद? एमएला राज्याबाहेर जाताना

२०२३ च्या पावसाळ्यात दोन विद्यापीठांच्या यादीत माझं नाव लागलं आणि घरात आनंदापेक्षा गोंधळच जास्त झाला. एमए इतिहास. एकीकडं दिल्लीचं जेएनयू, दुसरीकडं हैदराबाद विद्यापीठ. फी भरायला हातात दोन-तीन दिवस. पप्पा कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर, मम्मी घरी शिवणकाम करते, आणि आमच्या घरात बीएच्या पुढं गेलेलं कोणी नव्हतं. शेजारच्या काकू कपभर साखर न्यायला आल्या होत्या, त्यांनी उभ्या उभ्याच निकाल दिला, "दोन्ही सरकारीच हैत न्हवं? मग जवळचं घे की."

मला तेव्हा हसू आलं होतं. काकूंचं उत्तर बरोबर होतं हे कळायला मला वर्ष लागलं.

हे लिहायचं कारण म्हणजे दरवर्षी मे-जूनमध्ये ओळखीपाळखीतून पोरांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, त्यामुळं एकदा सविस्तरच लिहून टाकते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. परराज्यातला विद्यार्थी म्हटलं की लोकांना वाटतं जागा कमी आणि फी जास्त. एनआयटीत निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या पोरांना असतात, त्यामुळं इंजिनिअरिंगवाल्यांच्या घरात हे पक्कं बसलेलं असतं. पण ही दोन्ही केंद्रीय विद्यापीठं. तिथं डोमिसाइल कोणी विचारत नाही. कोल्हापूरची पोरगी आणि दिल्लीची पोरगी एकाच यादीत, फीही तीच. परकेपणा लागतो तो दोनच ठिकाणी, कागदपत्रांत आणि जेवणात.

जेवणाचं नंतर सांगते, कागदपत्रं आधी, कारण चांगले मार्क असून पोरं अडकतात ती इथंच. राज्याचं आरक्षण आणि केंद्राचं आरक्षण ही दोन वेगळी दुकानं आहेत. केंद्रात एसईबीसी, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास, हा प्रकारच नाही. मराठा समाजातल्या विद्यार्थ्याला राज्यात तो दाखला चालेल, पण केंद्रीय विद्यापीठात एकतर ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, नाहीतर ओपन. ईडब्ल्यूएसला कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, पण तेवढ्यावर भागत नाही. पाच एकर किंवा त्याहून जास्त शेती असली की उत्पन्न कितीही कमी असो, बाद. आमच्या वर्गातला कागलचा एक मुलगा असाच बाद झाला, सात-बारा आजोबांच्या काळापासून तसाच पडून होता. व्हीजे, एनटी, एसबीसी (विमुक्त, भटके, विशेष मागास) ही राज्याची नावंही केंद्राच्या फॉर्मवर सापडणार नाहीत. धनगर समाज राज्यात एनटी-सी, तिकडं ओबीसी. म्हणजे केंद्राच्या यादीत आपल्या जातीचं नाव आहे का ते बघायचं आणि केंद्राच्या नमुन्यातला, इंग्रजीतला, नॉन-क्रीमी लेअरसह दाखला वेगळा काढायचा. सेतूत नुसतं "ओबीसीचा दाखला पाहिजे" म्हटलं की समोरचा राज्याचाच काढून देतो. त्याची चूक नाही, रोज शंभर लोक तोच मागतात.

माझी चूक याहून बावळट होती. माझ्याकडं ईडब्ल्यूएसचा दाखला होता, छान लॅमिनेशन करून ठेवलेला. पण तो आदल्या आर्थिक वर्षाचा. ३१ मार्च उलटला की तो गेला. एप्रिलनंतरचा नवा दाखला लागतो हे मला फॉर्म भरताना कळलं, मग तहसीलच्या खेपा सुरू. अकरा दिवस गेले. लॅमिनेशनचे तीस रुपये गेले ते वेगळे.

परीक्षेचं थोडक्यात. दोन्हीकडचा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर. आमच्या वेळी १०० प्रश्न आणि ४०० गुण होते, २०२४ पासून ७५ प्रश्न आणि ३०० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकलं की एक वजा. प्रश्न इंग्रजी आणि हिंदी दोन्हींत असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजी शब्द अडला की हिंदीकडं नजर टाकायची, निम्मे शब्द आपलेच निघतात. आणि परीक्षा एक असली तरी अर्ज प्रत्येक विद्यापीठाकडं वेगळा करावा लागतो. माझी एक मैत्रीण सीयूईटीच्या फॉर्मात विद्यापीठाचं नाव निवडलं म्हणजे काम झालं असं समजून बसली. मार्क माझ्याहून जास्त होते तिला.

आता निवडीकडं येते.

इतिहासात जेएनयूचं नाव मोठं आहे आणि ते उगाच नाही. सर्वपल्ली गोपाल, रोमिला थापर, सतीश चंद्र, बिपन चंद्र अशा माणसांनी तिथलं इतिहासाचं केंद्र उभं केलं. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या पोरांना यातली दोन नावं तरी झोपेत आठवतात. मी बीएला असल्यापासून माझ्या डोक्यात जेएनयूच होतं. पप्पांच्या डोक्यातही होतं, पण टीव्हीवरचं. "तिथं रोज मोर्चे असतात," एवढंच त्यांचं म्हणणं.

पप्पांना गप्प करण्यासाठी म्हणून मी कराडच्या एका ताईला फोन लावला. ती जेएनयूत कोयना हॉस्टेलला होती. तिथल्या हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत, साबरमती, पेरियार, गोदावरी अशी. कराडची पोरगी दिल्लीत कोयनेला राहते म्हटल्यावर मम्मी निम्मी तयारच झाली. ताईनं मात्र मला उलटाच प्रश्न केला, "तुला शिकायचंय काय?"

मी म्हटलं, इतिहास.

"ते मला पण माहीत आहे. इतिहासातलं काय?"

मला उत्तर देता येईना. तीन वर्षं बीए करून हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. मग आठवला तो पन्हाळ्याचा तीन दरवाजा. शाळेच्या सहलीपासून किती वेळा गेले असेन, आणि दर वेळी त्यावरच्या फारसी शिलालेखाखाली उभं राहून फोटो काढून परत. लेख इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, एवढंच गाईड सांगायचा. मला तो वाचता यायला हवा होता. आमच्याच गडावर कोरलेलं आणि आम्हालाच कळत नाही, याची कुठंतरी चीड होती.

एवढं कळल्यावर पुढचं सोपं झालं. दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि लाल पेननं खुणा करत बसले. दख्खन कुठं आहे, मध्ययुग किती आहे, कोण शिकवतं, त्यांनी स्वतः कशावर लिहिलंय. हे काम दोन तासांचं आहे आणि बहुतेक जण ते करत नाहीत, रँकिंगचा आकडा बघून मोकळे होतात. विद्यापीठाच्या आकड्यातून तुमच्या विभागाचं काही कळत नाही, आणि विभागाच्या नावावरून तुमच्या विषयाचं.

शिवाय शहर. दिल्लीत जनपथवर राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याला तोड नाही. पण हैदराबादेत तारनाक्याला तेलंगणाचं राज्य अभिलेखागार आहे, तिथं मुघलांच्या दख्खन सुभ्याचे फारसी कागद आहेत. सालारजंग संग्रहालयात फारसी-उर्दू हस्तलिखितं. माझ्या शिलालेखाचं गणगोत या शहरात होतं. मी हैदराबादची फी भरली. पप्पांना वाटलं त्यांचं ऐकलं.

पैशाचं लोक पहिल्यांदा विचारतात, मी मुद्दाम शेवटी सांगते. सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी हा मोठा आकडा नसतोच, आणि जेएनयूचा तर पाहून हसू येतं. २०१९ मध्ये तिथं मोठं आंदोलन झालं ते हॉस्टेलच्या दोघांच्या खोलीचं महिन्याचं भाडं १० रुपयांवरून ३०० करायच्या प्रस्तावावरून, यावरून अंदाज करा. खरा खर्च मेसचा आणि जाण्यायेण्याचा. मेसचं महिन्याचं बिल किती येतं आणि प्रवेश झाल्या झाल्या खोली मिळते का, हे दोन प्रश्न त्या वर्षी तिथं शिकणाऱ्याला विचारा, दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्याला नको. मलासुद्धा नको. खोली मिळेपर्यंत बाहेर राहायची वेळ आली तर एक-दोन महिन्यांचं भाडं वेगळं बांधून ठेवा.

आणि इथं काकू बरोबर ठरल्या. दिल्लीला जायचं तर कोल्हापूरची निझामुद्दीन गाडी आठवड्यातून एकदाच. नाहीतर मिरजेला जाऊन रोजची गोवा एक्स्प्रेस, दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. आता रिझर्व्हेशन साठ दिवस आधीच उघडतं, दिवाळीचं तिकीट म्हणजे लॉटरी. हैदराबादला संध्याकाळी बसमध्ये बसलं की सोलापूर, उमरगा, झहीराबाद करत सकाळी पटनचेरू. गाडी शहरात शिरते ती विद्यापीठाच्याच बाजूनं, मी लिंगमपल्लीला उतरायचे. घाईचं असेल तर उजळाईवाडीवरून विमानही आहे, मी एकदाच गेले, आजी गेली तेव्हा. जवळ असण्याचा उपयोग सणासुदीला होतोच, पण पहिल्या सेमिस्टरच्या आठव्या-नवव्या आठवड्यात जो होतो तो वेगळा.

त्या आठवड्यात काय होतं ते सांगते. मी मराठी माध्यमातली. पहिला सेमिनार पेपर बीएच्या सवयीनं लिहिला, पार्श्वभूमी, कारणे, परिणाम, समारोप. सरांनी परत दिला तेव्हा एकच वाक्य बोलले, "यात सगळं बरोबर आहे, पण तुझं म्हणणं काय?" खोलीवर येऊन रडले. शुक्रवारी रात्री बस पकडली, शनिवार-रविवार मम्मीच्या हातचं तांबडं-पांढरं खाल्लं, कोणाशी इंग्रजीत एक शब्द बोलले नाही, सोमवारी सकाळी परत वर्गात. दिल्लीला असते तर दिवाळीपर्यंत कुढत बसले असते, किंवा बॅग भरून कायमचीच आले असते. काही पोरांना असं लांब फेकल्यावरच सूर सापडतो, तेही पाहिलंय. तुम्ही कुठल्या जातकुळीतले हे तुमच्या आईला विचारा, ती खरं सांगेल.

इंग्रजीवरचा माझा उपाय साधा होता. एक लेख वाचायचा, त्याचं म्हणणं अर्ध्या पानात मराठीत लिहायचं, मग त्याला माझं उत्तर मराठीतच, आणि मग दोन्ही इंग्रजीत. वेळ दुप्पट लागतो. दुसऱ्या सेमिस्टरपासून मराठीचा टप्पा आपोआप गळायला लागला.

हैदराबादचा कॅम्पस प्रचंड मोठा, गोल गोल खडक, तळी, मोर. पहिल्याच महिन्यात सेकंडहँड सायकल घ्या. मेसचं जेवण तिखट असतं, पण ते आंबट तिखट. आपला मसाला नाही, चिंच. कांदा-लसूण मसाल्याची बरणी बरोबर न्या आणि लपवून ठेवा. माझी पहिली बरणी चार दिवसांत संपली, त्यात केरळच्या रूममेटचा वाटा मोठा.

भाषेचं भय मात्र वाया गेलं. आठवड्याभरात एका टपरीवर चहावाल्यानं विचारलं, "शक्कर नक्को?" मी दचकून बघायला लागले. मग कान उघडले. "मैंइच", "कलइच". आपला च तिथं इच होऊन फिरतोय, नको नक्को होऊन. इथल्या दख्खनी बोलीनं मराठीकडून घेतलेलं हे उसनं शेकडो वर्षांचं आहे. दुसऱ्या सेमिस्टरचा एक पेपर मी त्या नक्कोवरच लिहिला. सरांनी परत तो प्रश्न विचारला नाही.

मोर्च्यांचं राहिलं. जेएनयूला घाबरून हैदराबाद धरणाऱ्यांनी हे वाचावं. २०१६ मध्ये रोहित वेमुला या इथल्याच संशोधक विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर देशभर आंदोलन उसळलं ते याच विद्यापीठातून. आणि मी शेवटच्या सेमिस्टरला असताना, २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये, कॅम्पसला लागून असलेल्या कांचा गच्चीबावलीच्या ४०० एकरांवर झाडं पडायला लागली. रात्री मोरांचं ओरडणं हॉस्टेलपर्यंत यायचं. शेवटी सुप्रीम कोर्टानं वृक्षतोड थांबवली. पप्पांचा फोन आला, "तू पण टीव्हीवर दिसलीस." मला वाटलं आता ओरडा बसणार. ते म्हणाले, "पोस्टर नीट धरायचं होतंस, अक्षरं दिसत नव्हती."

म्हणजे मी सगळ्यांना हैदराबादच सांगते असं नाही. गेल्या वर्षी गडहिंग्लजच्या एका मुलीचा फोन आला, पुन्हा याच दोन विद्यापीठांमध्ये अडकलेली. तिला ताईचाच प्रश्न केला. ती म्हणाली, आंतरराष्ट्रीय संबंध, त्यातही मध्य आशिया, आणि जमलं तर रशियन. मी म्हटलं मग विचार काय करतेस, दिल्लीला जा. आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं तिथलं स्कूल जेएनयूहूनही जुनं, १९५५ चं आहे, आणि परकीय भाषा त्याच आवारात. दुसऱ्या विद्यापीठात तिनं आधीच फी भरून ठेवली होती. ती परत मिळते, यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) परताव्याचा नियम दरवर्षी तारखांसह निघतो, तो वाचून अर्ज करायचा. मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही, हेही यूजीसीनंच सांगितलंय. मायग्रेशन सर्टिफिकेट मात्र आपल्या विद्यापीठातून एकदाच निघतं, त्याची मूळ प्रत कुठं देण्याआधी दोनदा विचार करा.

ती ऑगस्टात मिरजेहून गेली. गाडीत बसल्यावर फोन केला, विचारायला की दिल्लीत रजई तिथंच घ्यावी की कोल्हापुरातून मागवावी. मी म्हटलं तिथंच घे, आपल्याकडच्या रजईनं तिथला जानेवारी निघायचा नाही. आणि मसाल्याच्या दोन बरण्या घेतल्यास का, तेवढं विचारलं. एकच घेतली होती.