बोडीची पाळ पक्की आहे, म्हणून धोका कमी? या चुका टाळा

पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांना (बांध घातलेल्या शेतांना) पाणी देणाऱ्या बोड्या, म्हणजे लहान तळी, बहुतेक खासगी असतात. मालक एखादा शेतकरी किंवा वाटण्या झालेले चार भाऊ. पाळीचा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाचा, विषय काढला की उत्तर ठरलेलं: आजोबांच्या काळापासून उभी आहे, तिला काय होतंय!

पहिली चूक इथेच होते. पाळ किती धड आहे हा एक प्रश्न, आणि ती फुटली तर कोणाचं काय जाईल हा दुसरा. अमेरिकेत बरीच धरणं खासगी मालकीची आहेत, तिथे या दोन्हींची नोंद 'प्रकृती' आणि 'धोका' अशी वेगवेगळी ठेवतात. धोका 'उच्च' म्हणजे फुटल्यास माणसं दगावण्याची शक्यता. कालच बांधलेलं भक्कम धरणही त्यात बसतं. मिशिगनमधलं ईडनव्हिल हे मातीचं खासगी धरण धोक्यात उच्च आणि प्रकृतीतही नापास होतं. सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) अपुरा म्हणून 2018 मध्ये त्याचा वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला, आणि 19 मे 2020 रोजी ते फुटलं. पाणी माथ्यावरून गेलंच नव्हतं, पाळीची माती खचली.

दुसरी चूक म्हणजे सरकार तपासेल असं धरून चालणं. 2021 चा धरण सुरक्षा कायदा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि 10 ते 15 मीटरमधल्या काहींना, तेही अटींवर. बोडीची पाळ त्यात कुठली येणार? तेव्हा धोक्याची श्रेणी तुम्हालाच ठरवायची आहे. पाळीखाली उतरून नाल्याच्या कडेने चालत जा. पूर्वी तिथे नुसत्या बांध्या होत्या. आता घरकुलं, अंगणवाडी, वीटभट्टीच्या मजुरांच्या झोपड्या आल्या असतील तर पाळीचा एक खडाही न हलता धोका वाढलेला आहे. ही फेरी दरवर्षी मे महिन्यात मारावी.

सर्वांत महागात पडणारी चूक सांडव्यावर होते. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तिथे जाळी लावतात, चार दिवस जास्त पाणी राहावं म्हणून रेतीची पोती रचतात. मोठ्या पावसात जाळीत बेशरमाची झुडपं आणि काडीकचरा अडकतो, पाणी तुंबतं आणि पाळीच्या सर्वांत बसक्या जागेवरून वाहू लागतं. मातीची पाळ वरून वाहणारं पाणी फार वेळ सोसत नाही. मासे जाऊ द्या.

2019 च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं आणि राज्यभर हसू झालं. हसू रास्तच होतं. पण बोडीच्या लहान पाळीला खेकडे आणि घुशी खरंच पोखरतात, त्यामुळे बिळं उन्हाळ्यातच खणून मातीने थर देत ठोकून बुजवा. पाळीवरचं मोठं झाड तोडून खोड तसंच ठेवू नका, मुळं कुजली की तिथे पोकळी होते. गाळ काढताना जेसीबी पाळीच्या पायथ्याला भिडू देऊ नका. पाणी धरून ठेवणारा चिकण थर तिथेच असतो. मोटारीचा पाइप पाळीतून आरपार न्याल तर पाणी त्याच्या कडेने वाट काढेल.

खालच्या अंगाला पाझर दिसला की लोक एकतर घाबरतात, नाहीतर अजिबात बघत नाहीत. पाणी नितळ असेल तर बादली लावून किती वेळात भरते ते लिहून ठेवा, दर आठवड्याला ताडून पाहा. गढूळ असेल तर आतली माती वाहते आहे. अशा वेळी चिखल ठोकून तोंड बंद करण्याची घाई होते, पण पाणी दुसरीकडून फुटतं. त्याऐवजी आधी रेती, वर गिट्टी, त्यावर दगड टाका, म्हणजे पाणी निघेल आणि माती अडेल. आणि हे काम चार माणसांवर सोपवून एकाला आधी खालच्या वस्तीकडे पाठवा, मग पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयाला फोन करा.