टू डी ॲरे: हवा तो आकडा कसा काढायचा आणि पूर्ण ॲरे कसा फिरायचा

मुंबईत फर्स्ट इयरला प्रोग्रामिंग शिकणाऱ्या बऱ्याच मुलांची गाडी टू डी ॲरेपाशी (आडव्या रो आणि उभे कॉलम असलेल्या आकड्यांच्या तक्त्यापाशी) अडते, लूप जमतं, साधा ॲरे जमतो, पण दोन कंस आले की कुठला आकडा कशाचा तेच कळेनासं होतं. त्यामुळे कोड नंतर, आधी वहीत टेबल काढा आणि रो म्हणजे काय, कॉलम म्हणजे काय ते बाजूला लिहून ठेवा. हे ठरलं नसेल तर पुढचं सगळं नुसतं पाठांतर होतं.

आपण पाऊस घेऊ. रो म्हणजे वेधशाळा, ० कुलाबा आणि १ सांताक्रूझ. कॉलम म्हणजे तारीख, ० ला २५ जुलै २००५, १ ला २६ जुलै, असं २८ पर्यंत. २६ जुलैच्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, तेवढे दोन भरू, बाकी सध्या ० ठेवू.

पाऊस = [[०, ७३, ०, ०],
        [०, ९४४, ०, ०]]

आता ९४४ हवाय तर पाऊस[१][१]. पहिल्या कंसाने पूर्ण सांताक्रूझची रो हातात येते, दुसऱ्या कंसाने त्यातला एक कप्पा. मोजणी ० पासून, आपल्या इमारतींत तळमजल्यानंतर पहिला मजला येतो ना, तशीच. म्हणजे ४ कॉलम असले तरी शेवटचा इंडेक्स (कप्प्याचा क्रमांक) ३.

सगळे आकडे बघायचे तर लूपमध्ये लूप:

र = ० ते १
  क = ० ते ३
    पाऊस[र][क] दाखवा

इथे एकदा पेनाने ट्रेस करा, स्क्रीनवर नको. र ० वर थांबतो, क ० १ २ ३ असा पूर्ण फिरतो, मगच र १ होतो आणि क परत ० पासून. एका तारखेला दोन्हीकडे मिळून किती पडला ते हवं असेल तर क बाहेर घ्या, र आत, पण कंसातला क्रम तोच, पाऊस[र][क]. लूप उलटली म्हणून कंस उलटायचे नाहीत, बहुतेक चुका इथेच होतात.

सी वापरत असाल तर मेमरीत काय होतं तेही समजून घ्या, फार कामाचं आहे. तिथे रो एकापाठोपाठ एक सरळ रांगेत ठेवतात, आणि र × ४ + क एवढे कप्पे सोडून पुढे जायचं. ९४४ साठी १ × ४ + १, म्हणजे ५. आता चुकून पाऊस[०][५] लिहिलंत तर? ० × ४ + ५, तेही ५! सी सहसा काही बोलत नाही आणि कुलाब्याच्या नावावर ९४४ दाखवून मोकळं होतं, खरं तर अशा कोडचं काय होईल याची भाषा कसलीच हमी देत नाही. जावा आणि पायथन त्याच जागी एरर देतात. मात्र पायथनमध्ये पाऊस[०][-१] चालतं, त्याचा अर्थ शेवटचा कप्पा.

याच रांगेमुळे मोठ्या ॲरेत रो-रो फिरणं फास्ट पडतं. बऱ्याच प्रोसेसरवर मेमरीतून एका वेळी ६४ बाइट येतात, म्हणजे ४ बाइटचे १६ आकडे, कॉलमने उड्या मारत गेलात तर त्यातला एकच वापरून पुढे जाता. फोरट्रान भाषेत उलटं, तिथे कॉलम सलग असतात आणि वेगळं सांगितलं नाही तर मोजणीही १ पासून.

पायथनवाल्यांनी एक नक्की बघा. रिकामा ॲरे [[०]*४]*२ असा बनवला तर दिसतात दोन रो, पण असते एकच, दोनदा दाखवलेली. सांताक्रूझला ९४४ लिहा आणि कुलाबा प्रिंट करा, तिथेही ९४४! प्रत्येक रो लूपमध्ये वेगळी बनवा, मग हा घोळ होत नाही.

आणि जावा, पायथनमध्ये सगळ्या रो सारख्या लांबीच्या असतीलच असं नाही, कुलाब्याचे ४ दिवस आणि सांताक्रूझचे ३ असू शकतात, त्यामुळे आतल्या लूपची मर्यादा ४ अशी ठोकून न देता पाऊस[र] ची स्वतःची लांबी विचारून घ्या.