जिम्नॅस्टिक्सचा गुणफलक कसा वाचावा

ऑलिंपिकमध्ये एखादी मुलगी कसरत संपवून हात उंचावते, थोड्या वेळाने फलकावर १४.१३३ असा आकडा झळकतो, आणि टीव्हीसमोर बसलेल्या घरातल्या कोणालाच तो चांगला की वाईट हे सांगता येत नाही. हा आकडा तीन भागांचा असतो. ते तीन भाग सुटे करता आले, की आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्सची स्पर्धा नुसत्या चकित डोळ्यांनी नव्हे, तर समजून पाहता येते. ज्यांची मुले हा खेळ शिकत आहेत त्यांना तर हे वाचन यायलाच हवे, कारण प्रशिक्षकाशी होणारे पुढचे सगळे बोलणे याच भाषेत असते.

‘परफेक्ट टेन’ ही जुनी कल्पना आधी बाजूला ठेवावी. १९७६ साली माँट्रियलमध्ये नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले, तेव्हा ते दाखवण्याची सोय नसल्यामुळे फलकावर १.०० असे उमटले. ती पद्धत आता नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दक्षिण कोरियाच्या यांग ते-यंगच्या पॅरलल बारवरील कसरतीचा आरंभगुण (ज्यातून वजावट सुरू होते तो कमाल गुण) १०.० ऐवजी ९.९ धरला गेला आणि त्याला कांस्यपदकावर राहावे लागले. त्या वादानंतर २००६ पासून काठिण्याचे आणि सादरीकरणाचे गुण वेगवेगळे देण्याची पद्धत आली.

पहिला भाग काठिण्याचा, म्हणजे डी स्कोअर. महिलांच्या बार्स (दोन दांड्यांवरील कसरत), बीम (अरुंद तुळईवरील) आणि फ्लोअर (जमिनीवरील) या प्रकारांत कसरतीतील सर्वांत अवघड आठ घटक मोजले जातात. ‘ए’ दर्जाच्या घटकाला ०.१, ‘बी’ला ०.२ अशी किंमत चढत जाते. अमेरिकेची सिमोन बाइल्स फ्लोअरवर दोन कोलांट्यांत तीन गिरक्या घेते, त्या घटकाला पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी पूर्ण १.० किंमत होती. याशिवाय कसरतीत ठरावीक प्रकारचे घटक आहेत की नाहीत हे पाहून २.० पर्यंत गुण मिळतात आणि अवघड घटक न थांबता जोडले तर त्यांची भर वेगळी पडते. दुसरा भाग सादरीकरणाचा, म्हणजे ई स्कोअर. तो १० पासून सुरू होतो आणि फक्त खाली येतो. प्रत्येक पंच स्वतंत्रपणे वजावट करतो, टोकाचे गुण वगळले जातात आणि उरलेल्यांची सरासरी धरली जाते. तिसरा भाग म्हणजे रेषेबाहेर पाऊल किंवा वेळेचे उल्लंघन यांसारख्या चुकांची थेट वजावट.

पॅरिस २०२४ च्या फ्लोअर अंतिम फेरीवर हे लावून पाहावे. बाइल्सचे काठिण्य ६.९ आणि सादरीकरण ७.८३३, म्हणजे एकूण १४.७३३. ती दोनदा दोन्ही पायांनी रेषेबाहेर गेली, प्रत्येक वेळी ०.३ असे ०.६ वजा झाले आणि हाती उरले १४.१३३. ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेचे काठिण्य पूर्ण एका गुणाने कमी, ५.९ होते, पण तिने ८.२६६ चे सादरीकरण करून रेषेच्या आत राहत १४.१६६ गुणांसह सुवर्णपदक घेतले. ज्यांनी नुसती उड्यांची उंची पाहिली त्यांना हा निकाल अन्यायाचा वाटला असेल, पण ही बेरीज मांडली की माझ्या मते त्यात शंकेला जागा राहत नाही.

आता स्वतः गुण देण्याचा सराव. त्यासाठी वही आणि पेन्सिल घ्यावी आणि सुरुवात बीमपासून करावी, कारण तेथे हालचाली सुट्या दिसतात आणि चुकाही. बीम ५ मीटर लांब, फक्त १० सेंटिमीटर रुंद आणि जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच असतो. लहान चुकीला ०.१, मध्यमला ०.३, मोठीला ०.५ आणि पडण्याला १.० अशी वजावट आहे. वहीत लहान चुकीला एक उभी रेघ, मध्यमला तीन रेघा असे नोंदवत जावे आणि नजर मात्र खेळाडूवरून हलवू नये; प्रत्यक्ष पंचसुद्धा कागदाकडे न पाहता हाताने घटकांची चिन्हे लिहीत जातात. मागची कोलांटी घेऊन ती बीमवर उतरली, पुढच्या पायाची टाच स्थिर राहिली, पण कंबर क्षणभर डावीकडे झुकली आणि तोल सावरायला एक हात वर गेला, तर एक रेघ. तोच पाय हवेत उचलावा लागला आणि धड बीमच्या बाजूला कलले, तर तीन. गुडघा वाकलेला, पावलांची टोके न ताणलेली, दोन घटकांमध्ये उगाच घेतलेला थांबा, उतरताना टाकलेले एक पाऊल, हे सगळे नोंदवावे.

पहिल्या काही दिवसांत आपले गुण पंचांपेक्षा बरेच जास्त येतील. आपल्याला पडणे आणि डगमगणे दिसते, पण उडीत पाय पूर्ण १८० अंशांत उघडले नाहीत हे दिसत नाही, आणि बीम व फ्लोअरवर कलात्मकतेसाठीही वजावट होते हे लक्षात राहत नाही. ही तफावत हळूहळू कमी होणे हीच सरावाची खूण समजावी.

वॉल्टसाठी, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून घेतलेल्या उडीसाठी, वेगळा हिशेब आहे. तेथे प्रत्येक उडीचे काठिण्य आधीच ठरलेले असते आणि अंतिम फेरीत दोन वेगवेगळ्या उड्यांची सरासरी धरतात. रिओ २०१६ मध्ये आगरतळ्याच्या दीपा कर्माकरची पहिली उडी ६.० काठिण्याची होती, तिला १४.८६६ मिळाले. दुसरी प्रोदुनोवा, म्हणजे टेबलावरून उसळून पुढच्या दिशेने हवेत दोन कोलांट्या, काठिण्य ७.०, सादरीकरण ८.२६६, एकूण १५.२६६. सरासरी १५.०६६ आणि क्रमांक चौथा. कांस्यपदक १५.२१६ ला गेले. सरासरीतील हे ०.१५० चे अंतर म्हणजे दोन उड्यांत मिळून ०.३, अर्थात एका मध्यम चुकीएवढे. दीपाची दुसरी उडी खोल बैठकीत उतरली होती. तिच्या धैर्याबद्दल आपल्याकडे भरभरून लिहिले गेले आणि ते योग्यच होते, पण पदक उतरण्याच्या त्या क्षणात निसटले हेही तितक्याच आदराने सांगितले पाहिजे.

निकालावर आक्षेप घ्यायचा झाल्यास तो काठिण्याच्या गुणांवरच घेता येतो, सादरीकरणावर नाही. वेळही काटेकोर असते. पॅरिसच्या त्याच फ्लोअर अंतिम फेरीत अमेरिकेच्या जॉर्डन चाइल्सच्या प्रशिक्षकांच्या आक्षेपामुळे तिचे गुण १३.६६६ वरून १३.७६६ झाले आणि ती तिसरी आली. पुढे क्रीडा लवादाने तो आक्षेप एका मिनिटाच्या मर्यादेनंतर चार सेकंदांनी नोंदवला गेल्याचे ठरवले आणि कांस्यपदक रुमानियाच्या आना बार्बोसूकडे गेले. प्रशिक्षकाला नियमावली तोंडपाठ असणे किती आवश्यक आहे, ते येथे दिसते.

पालकांसाठी वयाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी मुलीला त्या कॅलेंडर वर्षात १६ आणि मुलाला १८ पूर्ण व्हावी लागतात. तोपर्यंत काठिण्य वाढवण्याची घाई करणाऱ्या प्रशिक्षकाला, या घटकाचे सादरीकरण आज किती गुणांचे आहे, असा प्रश्न न संकोचता विचारावा. अवघड घटक कच्चा असताना केला तर ०.१ किंवा ०.२ च्या वाढीसाठी १.० चा पडण्याचा दंड बसतो, आणि गुडघ्यावर येणारा भार कोणत्याही फलकावर दिसत नाही. या खेळात कारकीर्द विशीच्या आत संपते हा समजही तपासून घ्यावा. ओक्साना चुसोवितिना १९९२ च्या बार्सिलोनापासून टोकियोपर्यंत आठ ऑलिंपिक खेळली, २००८ मध्ये तिने जर्मनीसाठी वॉल्टचे रौप्यपदक मिळवले आणि टोकियोत ती ४६ वर्षांची होती. सगळे प्रकार सोडून एकाच साधनावर लक्ष देणे, हा लांब कारकिर्दीचा तिने निवडलेला मार्ग होता.

दीपाचा मार्गही असाच वळणाचा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर २०१८ मध्ये मेर्सिन येथील वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये सुवर्ण, मग प्रतिबंधित द्रव्यामुळे २१ महिन्यांची बंदी, आणि मे २०२४ मध्ये ताश्कंदच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत १३.५६६ गुणांनी वॉल्टचे सुवर्ण. रिओत १५.०६६ ला चौथा क्रमांक आणि येथे १३.५६६ ला सुवर्ण, हे कोडे वाटू नये. प्रतिस्पर्धी वेगळे होते आणि नियमावलीही. दर ऑलिंपिकनंतर घटकांच्या किमती बदलतात. प्रोदुनोवाचीच किंमत रिओनंतर ७.० वरून ६.४ झाली. म्हणून आपल्या वहीत प्रत्येक गुणापुढे स्पर्धेचे वर्ष लिहावे आणि एका नियमावलीच्या काळातले गुण दुसऱ्या काळातल्या गुणांशी ताडून पाहू नयेत.