आगीच्या बाणाची किंमत किती लावायची?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती घ्या. नियमांच्या पुस्तकात साधे २० बाण १ गोल्डला (खेळातलं सोन्याचं नाणं) मिळतात, म्हणजे बाण जवळजवळ फुकट. खेळाडूही तो फुकट असल्यासारखाच मारतात. पण धनुर्धर गावातल्या दुकानात शिरून ‘काका, आगीचे बाण आहेत का?’ असं विचारतो, तेव्हा पुस्तकाची फारशी मदत होत नाही आणि डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला) तोंडाला येईल तो आकडा सांगावा लागतो. मी माझ्या टेबलावर हे भाव कसे ठरवते ते सांगते. हिशेब २०१४च्या नियमांवर आहे.

पहिली गोष्ट: भाव बाणाचा लावू नका, लढाईचा लावा. तलवार एकदा घेतली की घेतली. बाण दर हल्ल्याला एक जातो. पाचव्या लेव्हलच्या फायटरला (लढवय्या पात्राला) एका टर्नमध्ये, म्हणजे राउंडमधल्या त्याच्या पाळीत, दोन हल्ले मिळतात, म्हणजे चार राउंडची लढाई आठ बाण खाते आणि ॲक्शन सर्ज (जादा हल्ले देणारी त्याची खास क्षमता) वापरला तर दहा. त्यामुळे ‘एका बाणाला ३० गोल्ड’ ऐकायला स्वस्त वाटलं तरी एका मारामारीचं बिल अडीचशे-तीनशेवर जातं. मग होतं असं, की ते बाण कॅरेक्टर शीटवर (पात्राच्या नोंदीच्या कागदावर) नुसते लिहिलेले राहतात आणि कॅम्पेन, म्हणजे सगळी मोहीम, संपेपर्यंत भात्यातून बाहेर येत नाहीत. माझ्या मते हे महाग बाणापेक्षाही वाईट, कारण वस्तू दिली आणि मजा कोणालाच आली नाही.

आता मोजायचं कशाशी? माझं माप हीलिंग पोशन, म्हणजे जखमा भरणारं औषध. ५० गोल्डला २डी४+२ (चार बाजूंचे दोन फासे, अधिक २), म्हणजे सरासरी ७ हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचे गुण). एका पॉइंटला साधारण ७ गोल्ड. आगीचा बाण १डी६ जादा डॅमेज देतो असं धरा. सरासरी ३.५, पण दहातले साडेसहाच बाण लागतात, म्हणजे हातात पडतात २.३ पॉइंट. गुणिले ७ केलं की १६ गोल्ड येतात. ही वरची मर्यादा. मी १० लावते. आठ बाणांचे ८०, म्हणजे अख्खी लढाई तोच बाण मारला तरी खर्च दोन पोशनच्या आत राहतो. खेळाडू जरा विचार करतो, पण मारतो.

हेच माप पुस्तकातल्या साध्या विषाला लावून बघा, गंमत येते. १०० गोल्डची एक बाटली तीन बाणांना पुरते, तीही मिनिटभरात वाळते. डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (वीस बाजूंचा फासा, अधिक स्वतःचा बोनस, मिळून १० गाठायचे) चुकला तर १डी४ डॅमेज. समोरच्या राक्षसाचा सेव्ह +२ असेल तर तो शंभरातले ३५ वेळाच चुकतो. बाण लागणं आणि सेव्ह चुकणं दोन्ही धरलं की एका बाणामागे अर्ध्या पॉइंटच्या जरा वर डॅमेज पडतं, आणि त्यासाठी मोजायचे ३३ गोल्ड! शिवाय अर्धे अनडेड (मेल्यावरही चालते-फिरते राक्षस) विषाला हिंग लावून विचारत नाहीत. मी डीसी १३ करते, सेव्ह चुकलेला प्राणी पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत पॉयझन्ड (विषबाधेने कमजोर) राहतो, आणि बाण २० ला विकते. तेव्हा कुठे ते विष कोणी विकत घेतं.

चांदीच्या बाणांचा पुस्तकातला भाव मात्र बरोबर आहे: दहा बाणांना मुलामा द्यायचे १०० गोल्ड. वेअरवुल्फसमोर (लांडगा होणाऱ्या माणसासमोर) साधा बाण काहीच करत नाही, त्यामुळे इथे जादा डॅमेज मोजण्यात अर्थच नाही. यात एक बारीक गोष्ट बघा. लढाईनंतर मिनिटभर शोधलं की मारलेल्यांपैकी निम्मे बाण परत मिळतात. चांदी कुठे जात नाही, त्यामुळे खरा खर्च निम्माच. आगीचा बाण एकदा पेटला की गेला. तिथे परतावा शून्य. +१ बाणाचं (नेम आणि डॅमेज दोन्हीत १ ची भर घालणाऱ्या जादूच्या बाणाचं) तिसरंच: लागला की जादू संपते, चुकला तर तो अजून जादूचाच असतो. भाव लावताना ‘हा बाण परत मिळेल का?’ हा प्रश्न स्वतःला विचाराच. माझ्याकडे +१ बाण २५ ला. डॅमेज जेमतेम एक पॉइंटने वाढतं, पण साध्या शस्त्रांना दाद न देणाऱ्या प्राण्यांवर तो पूर्ण लागतो; पैसे त्याचे.

मग येतो तो हमखास प्रश्न: ‘अल्केमिस्ट्स फायरची बाटलीच बाणाला बांधली तर?’ अल्केमिस्ट्स फायर म्हणजे हवा लागताच पेटणारं द्रव. आमची रेंजर (रानात वावरणारं पात्र) दर दुकानात हे विचारते. उत्तर वजनात आहे. २० बाणांचं वजन १ पाउंड आणि त्या एका बाटलीचंही १ पाउंड. म्हणजे एका बाणाने वीस बाणांचा भार वाहायचा. मी हो म्हणते, पण लाँगबोचा (लांब धनुष्याचा) १५०/६०० फुटांचा पल्ला (साधा/कमाल) ३०/६० करते, आणि बाण चुकला तर बाटली कुठे फुटली ते फासा ठरवतो. किंमत ५० गोल्ड बाटलीचे, अधिक ५ कारागिराचे.

धुराचे, दोरीचे, जाळ्याचे बाण डॅमेजने मोजता येत नाहीत. त्यांच्यासाठी एकच प्रश्न: यामुळे शत्रूची एक टर्न फुकट जाते का? जात असेल तर २५ ते ४०. नुसती सोय होत असेल, जसा शिट्टी वाजवत जाणारा इशाऱ्याचा बाण, तर १ गोल्डही पुष्कळ.

भावापेक्षा मला साठा जास्त कामी येतो. खेड्यातल्या दुकानात आगीचे चारच बाण ठेवा, बंदराच्या शहरात वीस. ‘काका, सगळे घेतले तर किती कमी कराल?’ हे येणारच. आपली मंडळी काल्पनिक दुकानातही घासाघीस सोडत नाहीत. मी चार बाणांवर एक साधा भाता फुकट देते, भाव उतरवत नाही. एकदा उतरवला की पुढच्या गावातही तोच दर मागतात.

आणि हे बाण शत्रूच्या हातात द्यायच्या आधी थांबून बेरीज करा. सहा गॉब्लिन, प्रत्येकाकडे आगीचे पाच बाण, म्हणजे ३०० गोल्डचा माल. गॉब्लिन मेले की तो पार्टीचा, म्हणजे खेळाडूंच्या टोळीचा. दुकानात निम्म्या किमतीला विकला तरी १५० येतात. म्हणून मी गॉब्लिनांना प्रत्येकी एकच देते, आणि तो पहिल्याच राउंडला मारते.